दोन्ही टोकं सारखी

सोम. २ फेब्रु.
आठवीला घनाकृती. पेटीतला लाकडी ठोकळा उचलून समोर धरला. चौरस दिसला. म्हटलं, "ही चिती. दोन्ही तळ सारखे, समांतर." मग पहिल्या बाकावरची तन्वी, हळूच: "बाई, तुमच्या बाजूक चौकोन आसा, आमच्या बाजूक टोक."
सूची होती! उचलताना बाजूचं काही दिसलंच नाही. पोरं हसली असती तर बरं झालं असतं.

गुरु. ५ फेब्रु.
कुडाळचे डोळ्यांचे डॉक्टर. नजर आणखी आक्रसलीय. मधलं तेवढं उरलंय, तेही जाणार. औषध नाही. "शाळेत सांगून टाका, बाई."
एसटीतून उतरताना आंतोनदादाने हात धरला. झटकला. मोठा भाऊ झाला म्हणून काय! मग पायरी चुकलीच.

रवि. ८ फेब्रु.
चर्चमध्ये मिसाला गेले नाही. देवाचा रागच आलाय. कुमसाराला पाद्रीपुढे कबूल करायला एक पाप वाढलं.
पेटी घरी आणलीय. डोळे मिटून शिकते. एक टोक चाचपायचं, मग दुसरं. दोन्ही सारखी, मधल्या कडा सरळ, तर चिती. निमुळतं होत गेलं तर सूची. त्रिकोणी चिती आडवी असली की मी फसते, टेबलाला टेकलेला आयतच तळ वाटतो. ह्याच चुकीसाठी पोरांना किती ओरडलेय.
दादा दारातून, "काय गो, डोळे मिटून काय सोधतंस?"
"पेटी आवरतंय."

बुध. ११ फेब्रु.
हेडसरांनी बोलावलं. वर्गातली गोष्ट पोचलीय. माणूस चांगला, म्हणून जास्तच वाईट वाटलं. "आठवी तात्पुरती दुसऱ्यांकडे देऊ." तात्पुरती! म्हटलं, सोमवारी तोंडी परीक्षा घेते, तुम्ही मागे बसा, मग ठरवा.
त्यांनी मान हलवली की नाही, दिसलं नाही. विचारलंही नाही.

शनि. १४ फेब्रु.
दादाला सगळं सांगितलं. तो पेटी ओढून समोर बसला, एकेक हातात देत गेला. घन. शंकू. वृत्तचिती. आडवी त्रिकोणी चितीही. एकही चुकले नाही.
"हुशार गो बाय माझी," म्हणाला.
मग आणखी एक दिलं. पेटीतलं नव्हतं. थंड, नळ्यानळ्यांची घडी. एका टोकाला मूठ, दुसऱ्याला रबर.
"टोकं सारखी नाय. ही चिती नाय."
"नाय," दादा म्हणाला. "पांढरी काठी आसा. कुडाळसून तुझ्यासाठी हाडलंय. लागात तेवा घे."
ओरडले त्याच्यावर. मग रडले. मग उघडून पाहिली, तर पुन्हा मिटायची कशी ते दोघांनाही कळेना. तशीच दाराशी उभी केलीय.
सोमवारी घेऊन गेले तर वर्ग गेलाच. न घेता गेले तर… एसटीची पायरी आठवतेय.