ट्रम्पेटची रिकामी जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे! टेम्पोवाला ट्रॅफिकला शिव्या घालत होता, हिमानी मला, आणि मी खड्ड्यांना. कारण मागं माझ्या सगळ्या एलपी तबकड्या होत्या. एकही फुटली नाही. छावणीतलं हे घर मी पाहताक्षणी पसंत केलं होतं. वरचा मजला पूर्ण आमचा, जिन्याच्या डोक्याशी एक वेगळी खोली आणि भिंती अशा जाड की बोलायची सोय नाही. स्वयंपाकघर न बघता भिंती ठोकून घर घेणारा नवरा आपल्याच नशिबी आला, असं हिमानीचं म्हणणं. असेल बुवा! जॅझ मोठ्यानं ऐकायचं तर भिंतीच बघाव्या लागतात. शेंद्र्याच्या कंपनीत बदली झाली तेव्हा पहिली काळजी मला याचीच होती.

संस्कृती, म्हणजे आमचं पाच वर्षांचं रेडिओ स्टेशन, उतरल्यापासून सुरूच आहे. ती काहीही साधं बोलून सांगत नाही. भूक लागली तरी गाऊन सांगते.

खाली घरमालक नानासाहेब आणि मनकर्णाबाई. सिल्लोडकडचे, कापसाचा व्यापार होता. जाहिरातीतच त्यांनी लिहिलं होतं, गाण्याचा शौक असलेलं कुटुंब हवं. आम्हाला आणखी काय पाहिजे! नानासाहेबांची वाचा लई वर्षांपूर्वी गेली, असं मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांचं पाऊलसुद्धा वाजत नाही. आज दोनदा माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि दोनदा माझा जीव गेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काय माणूस निघाला हा! कापूस विकायला मुंबईला जायचे तेव्हा नानासाहेब येताना जॅझच्या तबकड्या आणायचे. कपाट उघडलं आणि मी खाली फतकल मारून बसलोच. हातांना घाम सुटला म्हणून आधी शर्टला पुसले. लोभी आहे मी या बाबतीत, कबूल.

त्यांनी कपाटातून एकच तबकडी काढून माझ्या हातात दिली. सरावाची आहे. पियानो, ड्रम आणि डबल बास वाजतात, पण ट्रम्पेटवाल्याची पाळी आली की तिघं मागं सरतात आणि मधली जागा रिकामी सोडतात. शिकणाऱ्यानं घरी बसून ती भरायची. अशी तबकडी मी वर्षानुवर्षं शोधत होतो. देताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मनकर्णाबाईंनी निरोप दिला, नुसती ऐकू नका, तिच्याबरोबर गा म्हणतेत.

मी आणि गाणार! घर सोडायला लागेल.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी जेवण झाल्यावर जिन्याजवळच्या खोलीत लावली. वादन झकास. पण गंमत अशी की ती जागा रिकामी नाहीच. कुणीतरी म्हातारा पुरुष तिथं घोगऱ्या आवाजात गुणगुणतोय. छापताना कुणाची चूक झाली कोण जाणे. मला राग आला, अशी तबकडी हाती यावी आणि तीही बिघडलेली!

संस्कृतीला मात्र आवडली. माझ्या मांडीवर बसून त्या आजोबांच्या वरताण गात सुटली, तालात, हात नाचवत. हिमानी दारात उभी राहून हसत होती. गाणं संपलं आणि पोरगी गप्प झाली. दमली असेल. न बोलता झोपायला गेली.

खालून कुणाचा तरी मोठ्यानं रडण्याचा आवाज येतोय. पुरुषाचा.

१० नोव्हेंबर, सोमवार

नानासाहेब बोलले! सकाळी ओट्यावर दूधवाल्याशी बोलत होते, आवाज घोगरा. मला बघितलं आणि लगबगीनं आत गेले. चपला फटफट वाजल्या.

संस्कृती बोलत नाही. तोंड उघडते, मान हलवते, रडते, आणि आवाज येत नाही. आधी वाटलं नाटक करतेय. हिमानीनं तिच्यावर डोळे वटारले, मग तिला जवळ घेतलं आणि स्वतःच रडायला लागली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम आहे, नव्या जागेचा धक्का असेल. कसला डोंबलाचा धक्का? पोरीच्या पैंजणांचे घुंगरू हलताना दिसतात, वाजत नाहीत. दुपारी तिच्या हातून स्टीलची ताटली सुटली, फरशीवर गरगर फिरली आणि थांबली. आवाज नाही. मी तीच ताटली उचलून टाकली. ठणाणा झाला.

हिमानी म्हणते, वास्तूतच काहीतरी आहे.

मला दुसराच संशय आहे. लिहायला हात होत नव्हता. जिन्याजवळच्या खोलीत जाऊन तबकडी लावली. त्या जागेत आता म्हातारा नाही. माझी संस्कृती गातेय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खाली जाऊन दार बडवलं. नानासाहेब बाहेर आलेच नाहीत. मनकर्णाबाईंनी सगळं सांगितलं, पदर तोंडाशी धरून. त्या जागेत जो गातो त्याचा आवाज तिथंच राहतो, सगळा, टाळीचा आणि पावलाचासुद्धा. दुसरं कुणी गायलं तर पहिला सुटतो. तबकडी फुटली तर आत असेल त्याचा आवाज कायमचा गेला. मनकर्णाबाईंनी स्वतः कितीदा गायचं म्हटलं, पण नानासाहेब त्यांचा हात धरायचे.

बायकोला नाही, भाडेकरूला चाललं! मी तोंडाला येईल ते बोललो. म्हातारी पाया पडायला वाकली. म्हणाली, तुम्ही गाल असं वाटलं व्हतं हो, लेकरू गाईल असं नाय वाटलं.

हिमानीला सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. संध्याकाळच्या गाडीनं संस्कृतीला घेऊन माहेरी गेली, लासूर स्टेशनला. जाताना पोरगी खिडकीतून हात हलवत होती. तोंडानं बाबा, बाबा म्हणत होती, ओठांवरून कळलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. मी गाणार.

भीती वाटते. ऑफिसात काय सांगू, बिनआवाजाचा माणूस काय काम करणार, सगळं डोक्यात फिरतंय. येरझाऱ्या घालून पाय दुखायला लागले. पण माझी पोर गाऊन भूक सांगते. तिच्यावाचून हे घर खायला उठतं.

नंतर —

झालं. गाणं कसलं येतंय मला. तिचा आवाज सुरू झाला तशी तिला हाकाच मारत सुटलो. संस्कृती, ये गं, ये बाळा, बाबाकडे ये. सुई उचलली. खोकलो. खोकल्याचा आवाज आला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

हिमानीचा फोन. संस्कृती बोलतेय! सकाळपासून गातेय, आजीला सोडत नाही. मी फोन कानाला धरून रडत राहिलो. हिमानी हॅलो हॅलो करत होती, मला काहीच बोलता येईना. शेवटी मेसेज केला, घसा बसलाय. तिचं म्हणणं, बघ, घर सोडलं आणि पोरगी बरी झाली.

ही वही आता खिशातच असते. दूधवाल्यालासुद्धा लिहून दाखवावं लागतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा लावून पाहिली, ओठ घट्ट मिटून. माझ्याच हाका. पण जागा आखडलीय. दर नव्या आवाजागणिक ती लहान होत असणार. आता एखादी हाक, एखादी ओ, तेवढंच मावेल. त्यानंतर कुणालाच शिरायला जागा नाही आणि आतल्याला सुटायलाही नाही.

फोडायला हवी. दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. हात धजले नाहीत. माझा आवाज आहे तिच्यात — आणि खरं सांगायचं तर, अशी तबकडी मी आयुष्यात फोडलेली नाही. कव्हरात घालून कपाटावर ठेवली. उद्या फोडतो.

२० नोव्हेंबर

उद्या नक्की.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हिमानी आणि संस्कृती आल्या, सामान बांधायला. उद्या दुपारी टेम्पो. पोरीला घट्ट धरलं. ती गाऊन विचारतेय, बाबा बोलत का नाही.

मूर्खपणा केला. त्या बाजारात गेल्या होत्या आणि मला स्वतःचा आवाज ऐकायची इतकी हाव सुटली — लावली. त्या जिन्यातच होत्या. बाबा बोलला, बाबा बोलला, करत संस्कृती धावत आली. सुई झटकन उचलली. हिमानीला लिहून दाखवलं, ही पुन्हा कधीही लावायची नाही. तिनं मान डोलावली, तापातल्या माणसापुढं डोलावतात तशी.

पोर रात्रभर विचारत होती, तबकडीच्या पेटीतला बाबा परत कधी बोलणार.

२३ नोव्हेंबर, दुपार

सुतळी आणायला कोपऱ्यावर गेलो होतो. वर आलो तर खोलीचं दार बंद — आतून कडी — धूळ बाहेर येऊ नये म्हणून लावली असणार. आत पियानो वाजतोय. ती तबकडी. हिमानी पोरीला म्हणतेय, ऐक, आता बाबा बोलेल हं.

थापा मारतोय. लाथा. माझं काहीच वाजत नाही. हिमानीचा फोन इथं बाहेर, पायरीवर —

पान फाडून दाराखालून सरकवलं. बघत नाही. दुसरं —

हिमानी सुई उचल. तिला बोलू देऊ नको. तोंडावर हात ठेव तिच्या

माझ्या हाका सुरू झाल्या. ये गं, ये बाळा —

संस्कृती ओ देऊ नको

थाप वाजत नाही. बरंय. वाजत नाही तोवर बरंय, तोवर तिनं ओ दिलेली नाही, तोवर ती अजून —

हिमानी सुई

थाप वाजली. मोठ्यानं. माझी थाप वाजली आणि आतून पोरीचा आवाज