खाऱ्या वाफ्यातले टोमॅटो

तीर्थरूप काकांना लांबूनच वाकून नमस्कार (जवळ येऊन करण्याची सध्या हिंमत नाही).

डोळ्याचा ठणका कमी आहे ना? पट्टी सुटेपर्यंत ताईच पत्र वाचून दाखवणार, तेव्हा तिला म्हणावं, सावकाश वाच आणि मधे हसू नकोस. इकडे सगळे ठीक. मी ठीक म्हणजे, बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की मळ्यात जावंसं वाटतं. काल चौदा खेपा झाल्या. काकू म्हणते, पानांना आता तुझी दृष्ट लागेल.

तर टोमॅटो. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला ताईकडे गेलात आणि आठवड्यात पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरी खपली धरली. मी ती चाटून पाहिली (एकदाच. बरं, दोनदा). मीठ! धावतच माती तपासणाऱ्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, सोडियम आणि पोटॅशियम दिसायला भावाभावांसारखे. पोटॅशियम कमी पडलं की मूळ फसतं आणि सोडियमलाच घरात घेतं. तेव्हा पोटॅश द्या, शिवाय कॅल्शियमसाठी जिप्सम, म्हणजे मातीला चिकटून बसलेलं सोडियम सुटतं, मग गोड्या पाण्याने ते खाली धुऊन काढा. एवढं ऐकेपर्यंत मी रस्त्यावर पोचलो होतो. बाई मागून काहीतरी ओरडत होत्या. ते ऐकायला हवं होतं.

कारण खतांच्या दुकानातलं जिप्सम संपलेलं, आणि शेजारचा रंगवाला म्हणाला, "हेही जिप्समच, फक्त भाजलेलं." पोतंभर आणलं, पसरलं, पाणी सोडलं. अर्ध्या तासात तीन वाफ्यांची फरशी झाली, काका. प्लास्टर होतं ते! (काकूने त्यावर चादरी धुतल्या. रागाने, पण स्वच्छ निघाल्या.) घाईघाईने पुढच्या दोन वाफ्यांना पोटॅश घातलं, तर ते निघालं क्लोराइडवालं, म्हणजे मिठात आणखी मीठ. बाई स्वतः पाहायला आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "आगीतून फुफाट्यात घातलंत की हो! सल्फेटवालं आणा, असंच ओरडत होते मी. दोन मिनिटं थांबला असतात तर?"

उरला एकच वाफा. त्याला बाईंच्या देखरेखीखाली खरं जिप्सम, भरपूर गोडं पाणी, सल्फेटवालं पोटॅश, चिमूटभर जस्त, सगळं मोजून दिलं. आणि वर हुकूम: आठ दिवस हात लावायचा नाही. काका, हे आठ दिवस कसे काढले ते माझ्या नखांना विचारा. नवव्या सकाळी एक नवं पान उघडलं, कडेपर्यंत हिरवं. मी तिथेच चिखलात मांडी घालून बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. आता एकोणीस झाडांना कच्ची फळं लागली आहेत.

तब्येत सांभाळा.

तुमचा उतावळा पुतण्या

ता. क. ताई, इथून पुढचं मनातल्या मनात वाच. वीटभट्टीवाला मळ्याची माती विकत घ्यायला तुमच्याकडे निघालाय. 'यंदा टोमॅटो आले नाहीत तर मळा तुझा,' असं काका त्याला बोलून बसलेत. फळं लाल होईपर्यंत पट्टी सोडू नकोस आणि काकांच्या हाती पेन लागू देऊ नकोस.

आणखी एक. पाकीट चिकटवताना काकूने हे वाचलं. (काकांची ही बोली तिला आधीपासूनच ठाऊक होती.) म्हणते, मळा तिच्या नावावर आहे, काकांच्या सहीला विचारतो कोण! मी म्हटलं, हे महिन्याभरापूर्वी का नाही सांगितलंस? तर म्हणते, "सांगितलं असतं तर तू चौदा खेपा घातल्या असत्यास का?"