मोरीकडचा उतार

मंगळवार, संध्याकाळ

पंख्याखाली यावं म्हणून आज चाचणीचं टेबल फक्त फिरवलं, तर त्यावरची उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी गरम टोकाला भलतीच तापली. गरम टोकाला आतल्या पाण्याची वाफ होते, गार टोकाला तिचं परत पाणी होतं; ते पाणी बारीक खाचांनी गरम टोकाकडं परत ओढायचं, एवढंच त्यांचं काम. महिनाभर बराबर चाललं. मंग आजच काय झालं?

मोरीकडं लक्ष गेलं. शेडची फरशी तिकडं उतरती आहे, आणि आजपर्यंत नळीचं गरम टोक तिकडंच होतं. म्हणजे इतके दिवस पाणी खाचांनी न्हाई, उतारानं परतत होतं.

शेठला सांगितलं. म्हणाले, "मंग टेबल परत फिरवा ना जल्दी. उद्या गिऱ्हाईक नळी बघायला येऊन राह्यलंय."

फिरवलं. गरम टोक लगेच निवलं.

उद्या मी काही बोलणार न्हाई. पाणसळ तेवढी टेबलावर ठेवून आलोय, गिऱ्हाईक बसेल त्या बाजूला. बुडबुडा कुठं सरकलाय ते त्याला दिसेल.