फक्त मॅट्रिक

चिंचवड, ऑगस्ट १९७९

चि. मुकुंद यास ताईचे आशीर्वाद.

श्रीधर कंपनीत मशीनवर लागला. ज्या बी.एस्सी.साठी तू दुकान विकलेस, ती त्याने भरतीच्या वेळी लपवली आणि आपण फक्त मॅट्रिक आहोत असे सांगितले. पदवीधर कामगार टिकत नाहीत, वाद घालतात, अशी इथल्या साहेबांची समजूत आहे. पदवी दाखवत तो दोन वर्षे हिंडला, तेव्हा कोणी दारात उभे केले नाही. माझ्या वेळी नुसत्या बी.ए.वर शाळेने घरी बोलावणे पाठवले होते.

नोकरी लागली की पेढे घेऊन कंपनीच्या गेटवर येणार, असे तू मागच्या पत्रात लिहिलेस. येऊ नकोस. "माझा ग्रॅज्युएट मुलगा" एवढे तोंडून निघाले, तरी त्याची नोकरी जाईल.

काल जेवताना तो म्हणाला, "फोरमन सयाजीराव विचारत होते, लेका, एवढं डोकं हाय, मग कालेजात का न्हाई गेलास?"

"तू काय सांगितलंस?"

"बापानं घातलं नाही म्हणालो. आत्या, भात वाढ."

मी वाढला.

हे पत्र मी टाकणार नाही. उद्या साधे कार्ड पाठवीन: नोकरी लागली, प्रकृती उत्तम, पेढे तिकडेच वाट.

तुझी,
ताई