भाईंचा वेगळा मसाला

प्रिय अक्षया,

तुझे फोन मी उचलले नाहीत, पण बाबली रिक्षावाल्याकडे दिलेला निरोप पोचला. जुन्या मैत्रीखातर मी तुझ्या वडिलांविरुद्ध, भाईंविरुद्ध, कोर्टात साक्ष देऊ नये, असं तुझं म्हणणं. म्हापशात बसून मैत्री फार स्वस्तात मागितलीस गो. तेव्हा सविस्तर लिहिते. निवांत वाच.

आधी गावची बातमी. भाईंच्या दुकानातली हळदपूड तपासणीत नापास झाली. कपडे रंगवतात तसला पिवळा रंग निघाला तिच्यात. तक्रार माझीच होती, हे आता सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही ते लपवायचं नाही. अन्नभेसळ खात्याच्या साहेबांना मीच सुचवलं होतं की आठवडा बाजाराच्या दिवशी या. एरवी सरकारी गाडी तिठ्यावर दिसली की भाई शटर ओढून काजूच्या बागेत पसार होतात, पण बाजारादिवशी गिऱ्हाईक टाकून जाणं त्यांच्या जिवावर येतं. साहेब आले, त्यांनी नमुना घेतला, लाखेची मोहोर लावली. तुझे भाई फडक्याने मान पुसत उभे होते, आणि मी समोर मितेशच्या टपरीवर लिंबूसोडा पीत होते. खोटं कशाला सांगू, इतका गोड सोडा मी जन्मात प्यायले नव्हते. आणखी एक मागवला.

एवढं वैर कशासाठी, असं तू विचारणार नाहीस. तुला ठाऊक आहे. आईची कांडपाची खोली आठवते ना? वैशाखात अंगणभर मिरच्या वाळायच्या आणि आपण दोघी शिंका देत देठ खुडायचो. आईचा मसाला पार देवबागच्या खानावळींत जायचा. हळद मात्र ती तुमच्याच दुकानातून घ्यायची, कारण भाई म्हणजे घरचा माणूस. मग एके वर्षी तिच्याच मसाल्याचा नमुना नापास झाला. परवाना गेला, खानावळवाल्यांनी डबे परत पाठवले आणि गावात ‘भेसळवाली यशोदा’ असं नाव पडलं. भाई गल्ल्यावर बसून म्हणाले, “बायकांका धंदो जमणा नाय.” आई आता देवळातल्या समाराधनेला भाजी चिरायलासुद्धा बसत नाही. म्हणते, “माझ्या हातचा कोण खातला?” हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, अक्षया. इतक्या वर्षांनी अजून फिरतं.

आता भाईंचं म्हणणं ऐक. पूड व्यापाऱ्याकडून बंद गोणीत आली, आपल्याला कसली कल्पना? आमच्या घरातसुद्धा हीच हळद खातात. असं त्यांनी चक्क लिहून दिलंय. दर वैशाखात पिशवी घेऊन आमच्या पडवीत कोण यायचं मग? “यशोदावैनी, आमचो मसालो वायलो कांडा. दुकानातली हळद घालू नकात, ही हळकुंडां घेवा.” आई हसायची. श्रीमंतांचे सोस, म्हणायची आणि भाईंचा मसाला वेगळा कांडून द्यायची. आपल्याकडे शेजाऱ्याच्या पिशवीत काय आणि का, हे कोणी विचारत नाही. भाईंना स्वतःच्या घरी कांडून घेता आलं असतं, पण आईच्या हातच्या मसाल्याशिवाय त्यांना कोंबडी-वडे गोड लागत नसत. चोराने दुसऱ्याच्या उखळापाशी जाऊ नये. जिभेच्या चोचल्यापायी ते गेले.

सरकारी वकील मला म्हणाले, तुम्ही यशोदाबाईंची मुलगी, तुमची साक्ष सुडाची ठरेल. बरोबर आहे, सुडाचीच आहे ती. भाईंना कोर्टाच्या पिंजऱ्यात बघायचंय मला, पांढऱ्या लेंग्यासकट. आईने रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं आणि मला म्हणाली, “सोड गो, देव बघता.” बघत असेल. पण देवाला साक्षीला बोलावता येत नाही.

म्हणून मी वकिलांना दुसरं नाव दिलं. हळकुंडांच्या त्या पिशवीचा एक बंद भाईंच्या हातात असायचा आणि दुसरा तुझ्या. तो वेगळा मसाला डबा भरभरून म्हापशाला तूच न्यायचीस. आईचं नाव मातीत गेलं तेव्हा तू आमच्या पडवीत बसलीस, तिचा हात हातात घेतलास, डोळे पुसलेस आणि एक शब्द बोलली नाहीस. भाईंचा राग मला जन्मभर पुरेल, पण तुझं ते गप्प बसणं मला झोपू देत नाही. मी साक्ष देऊ नये म्हणतेस ना? नाही देत. तू दे. तुझ्या नावाचं समन्स निघालंय. शपथ घेऊन एकतर बापाला बुडव, नाहीतर माझ्या आईच्या तोंडावर खोटं बोल. तिला मी पुढच्या बाकावर आणून बसवणार आहे. आणि जेवायला आमच्याकडेच ये. हळद घरची आहे.

तुझीच,
सुगंधा