बाळ उलटं बसलंय

मंगळवार, ४ मार्च

बाळ उलटं बसलंय. डोकं वर, बूड खाली — खुर्चीत बसल्यासारखं ऐसपैस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात पोटावरून हातांनी फिरवून पाहू. निम्म्या बायकांचं फिरतं, निम्म्यांचं नाही. नाही फिरलं तर सिझेरियन.

बारा वर्षं बस चालवतेय. आधी धोका कुठे ते विचारते. त्यांनी काही लपवलं नाही — बाळाचे ठोके मंदावू शकतात, वार सुटू शकते, क्वचित तिथल्या तिथे पोट उघडून बाळ काढावं लागतं. म्हणून ऑपरेशनची खोली शेजारीच तयार ठेवतात.

फिरवायचं! ठरलं.

बुधवार, ५ मार्च

सासूबाईंना सांगितलं. चादरीची घातलेली घडी त्यांनी मोडली, पुन्हा घातली. मग एवढंच, “पोटाला कुणी हात लावायचा नाही.”

कुणाच्या पोटाला? — हे मनात नाही, तोंडावर विचारलं.

नवरा नेहमीसारखा मधल्यामध्ये. आई म्हणतेय तर राहू दे ना, म्हणाला. म्हटलं, नऊ महिने तू वागव, मग आईचं ऐक.

शुक्रवार, ७ मार्च

सासूबाईंचा अबोला. बरंय, घर शांत आहे.

सोमवार, १० मार्च

आता माझ्या आईचाही फोन. मोठ्यांचं ऐकावं म्हणे. पोट पुढे आलं की बाईचं डोकं मागे जातं, असं वाटतं की काय सगळ्यांना?

बुधवार, १२ मार्च

फिरलं!!

आधी पिशवी सैल पडायचं इंजेक्शन. मग डॉक्टरीणबाईंनी एक हात बाळाच्या बुडाखाली घातला, दुसरा डोक्यावर, आणि लोटलं. दुखलं. चांगलंच दुखलं. बाळ अर्धं आडवं झालं आणि ठोके उतरले — एकशे चाळीसवरून ऐंशी. त्यांनी हात काढले. मला कुशीवर वळवलं. त्या दीड मिनिटात माझा सगळा ताठा जिरला, हे फक्त इथे लिहितेय.

ठोके परत आले. थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, “इथेच थांबू, नाहीतर आणखी एकदा. तुम्ही सांगा.”

नवऱ्याकडे बघितलं नाही. “एकदाच,” म्हटलं.

या वेळी बरगडीखालचा तो टणक गोळा सरकत सरकत खाली गेला. मशीनवर डोकं खाली! तासभर ठोके तपासले आणि घरी सोडलं.

सासूबाईंना नवऱ्यानं सांगितलं. त्या आत गेल्या, दार लावून घेतलं. हरल्याचा राग, दुसरं काय! मी मुद्दाम मोठ्यानं गाणं म्हणत भांडी घासली.

गुरुवार, २७ मार्च

मुलगी. डोक्याकडून आली. टाके दोनच. आता बोला म्हणावं!

रविवार, ३० मार्च

सासूबाईंनी आज तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. माझ्याकडे न बघता, तिची टाळू कुरवाळत म्हणाल्या, “माझी पहिली अशीच बसली होती. सुईणीनं घरातच फिरवली. दुसऱ्या दिवशी पोट गप्प झालं.”

नवरा दारात उभा होता. एकुलता एक म्हणून वाढलेला.

“मला बहीण होती?” त्यानं विचारलं.