एक डोकं कमी

आबा, आज अख्ख्या क्लबच्या शिव्या खाल्ल्या आणि लय बरं वाटलं. आपल्या येलदरीच्या पाण्यावर आता शिडाच्या होड्या फिरतात, खरंच सांगते. परभणीचे डॉक्टर, वकील रविवारी येतात, पोरांना पोहायला शिकवतात, काठावरचा कचरा उचलतात, वर्षातून एकदा शर्यत लावतात. आणि धक्क्यावरची सुरक्षा कुणाकडं, तर तुमच्या लेकीकडं. माझ्या शिट्टीशिवाय एक होडी सुटत नाही!

तुमची नाव आठवते. पलीकडच्या शेतात जाणाऱ्या बाया चढायच्या, तुमी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचे, उतरतानाही तसंच. "आमी काय मेंढरं हाव का?" म्हणून त्या हसायच्या. एकदा काठाला लागताना मी नावेतल्या जाळ्याखाली लपून बसले. तुमी मोजताय, एक कमी. पुन्हा मोजताय. मग अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उडी. मी हसत बाहेर आले तेव्हा तुमी छातीभर पाण्यात उभे, ओठ पांढरे पडलेले. मारलं नाही. सगळ्यांदेखत एवढंच म्हणालात, "पाण्यापाशी मस्करी न्हाई. एक डोकं कमी भरलं की माजा जीव जातो." मी दोन दिवस फुगून बसले. मेली अक्कल कुठं होती तेव्हा!

आज शर्यत संपल्यावर मी परतलेल्यांच्या डोक्यावर हात ठेवत गेले, आणि एक कमी. जो कमी, त्याची होडी धक्क्याला बांधलेली, लाइफ जॅकेट आत पडलेलं, माणूस नाही. "असेल इथंच कुठं, बक्षिसं उरकून घेऊ," अध्यक्ष म्हणाले. पाहुणे खोळंबलेले, पोहे गार व्हायलेत. आणि तो जॅकेट काढून पोहायला उतरला असेल तर? मी म्हटलं, माणूस दिसल्याशिवाय बक्षीस नाही. दोन होड्या शोधायला सोडल्या, त्याला फोन लावत राहिले, तो लागेना. वारं वाढायलंय. तास गेला. "बाई डोक्यावर पडलीय," लोक तोंडावर बोलले. शेवटी फोन लागला. महाराज जिंतूरला हॉटेलात भजी खात बसलेले! कुणाला न सांगता मोटारसायकलवर निघून गेलेले. त्यांना परत बोलावलं. मान खाली घालून आले. मी त्यांच्या टकलावर हात ठेवला, मोठ्यानं आकडा म्हटला, मग बक्षिसं वाटू दिली. तुमी पाहायला हवं होतं, आबा.

जाताना अध्यक्षांनीच जाहीर केलं, यापुढं ही मोजणी क्लबचा नियम. टाळ्या पडल्या. मग त्यांनी विचारलं, "हे शिकलात कुठं तुम्ही?" पत्र पाठवायला पत्ता नाही, तरी तुमाला खरं ते सांगते. मी म्हटलं, "प्रशिक्षणात शिकवतात." कुठल्याच प्रशिक्षणात असं डोक्यावर हात ठेवायला शिकवत नाहीत. माझे वडील इथं नाव चालवायचे, एवढंच म्हणायचं होतं. त्या शिकल्यासवरल्या माणसांत माझी जीभ रेटली नाही.